मिरच्यांनी दिलेली साक्ष

मला वास येत नाही. साठ वर्षं होऊन गेली. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आणि इतक्यांदा ते खोटं ठरवलं गेलं, की आता कुणी साध्या कुतूहलाने "काय सांगता, अजिबात नाही?" म्हटलं तरी माझं पित्त खवळतं. नाही म्हणजे नाही. सुरंगीच्या फुलांच्या वळेसराचा नाही, शेणाचा नाही, पिकल्या फणसाचा नाही, कुजक्या मासळीचा नाही.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत मी लग्न होऊन आले, तेव्हा साठ साल अजून लागायचं होतं. घरात दोनच माणसं, सासू आणि मी. सासरे आधीच गेलेले. नवरा मुंबईला गिरणीत, मे महिन्यात आणि चवथीला यायचे, चार दिवस राहायचे आणि पेटी भरून परत जायचे. सगळ्या वाडीची हीच तऱ्हा होती. पुरुष मुंबईला आणि सून सासूच्या हाताखाली. सुनेने मुंबईचं नाव काढायचं नाही, असा दंडक. मग सुना नाव न काढता जायच्या. कुणाच्या पोटात कळा यायच्या, कुणाच्या अंगात यायचं, कुणाला गावचं पाणी बाधायचं. नवरा कंटाळायचा आणि एक दिवस घेऊन जायचा. सासवा काही दूधखुळ्या नव्हत्या. सून चार वेळा शिंकली तरी म्हणायच्या, "हिका मुंबैचो वारो लागलो." मला तेव्हा ऐकून हसू यायचं.

एके वर्षी पाऊस ओसरता ओसरता वाडीत ताप आला. घरटी एक-दोन माणसं आडवी झाली. मीही झाले. अंग मोडून यायचं, डोकं फुटायचं, नाक गळायचं. आठवडाभराने ताप उतरला आणि मी चुलीपाशी गेले. बांगडे आले होते. खोबरं वाटलं, कोकमाची सोलं भिजत घातली, तिरफळं ठेचून कढीत टाकली. तिरफळं टाकली की सगळ्या घराला कळायला हवं. मला कळलं नाही. चुलीचा धूर डोळ्यांत गेला, डोळे चुरचुरले, पण धुराला धुराचा वास नव्हता. जेवायला बसले तर कढी म्हणजे नुसतं गरम, खारट, आंबट पाणी. जिभेवर तिरफळाची झिणझिण तेवढी होती. म्हटलं, नाक चोंदलं असेल. पण श्वास मोकळा होता. हीच तर गोची होती.

महिनाभर मी गप्प राहिले. तेवढ्यात दोनदा भात करपला. पाठीमागे मडकं काळं होत होतं आणि मी पुढ्यात भाजी चिरत बसलेली. माझ्या डोळ्यांना भात दिसत नव्हता आणि नाकाने तर संपच केला होता. शेवटी सासू नारळ खोवत बसली होती तेव्हा सांगून टाकलं.

"आये, माका वास येणा नाय."

"कसलो?"

"कसलोच नाय."

तिचा हात थांबला. "मीठ समाजता?"

"समाजता."

"आंबट?"

"तांय समाजता."

"तिखट?"

"समाजता."

"मगे सगळा समाजता तर नाकाक काय झाला?" ती परत खोवायला लागली. "मुंबैक जावचा आसात तर सरळ सांग. असली सोंगां करू नको. माका नव्या नाय ह्या."

देवाशपथ सांगते, माझ्या मनात मुंबई नव्हती. मला समुद्र हवा होता, आमची विहीर हवी होती. दहा पुरुषांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात मी कुठे जाऊन राहणार होते? पण एकदा तो शब्द घरात आला तो आला. मी डोकं धरून बसले तरी मुंबई, जेवले नाही तरी मुंबई. वाडीत कुजबूज झाली, ह्या सुनेने नवीनच आजार काढलाय, दिसत नाही, दुखत नाही, आणि डॉक्टरला दाखवायचा म्हणजे मुंबईलाच जावं लागेल.

त्या दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आमच्या दारावर येणारी मासळीवाली. पाटी उतरवली की मी बांगड्याचा कल्ला उघडून बघायचे, पण नाकाशी न्यायचे नाही. पूर्वी न्यायचे. तिच्या ते दोन दिवसांत ध्यानात आलं. बाई मोठी तयारीची. मग ती वरचे चार बांगडे लालभडक कल्ल्यांचे ठेवायची आणि खालून शिळे, उतरलेले घालायची. एकदा सासूने मडक्यावरचं झाकण काढलं, घाण वास आला आणि तिने सगळी कढी परसात नेऊन माडाच्या मुळाशी ओतली. मला चार शब्द ऐकवले ते निराळेच. त्यानंतर मासळी तीच घ्यायला लागली. जिने मला खरं मानलं, तिनेही ते फुकट मानलं नाही, त्याचे दाम वसूल केले असंच म्हणायचं.

मी सगळी आशा नवऱ्यावर ठेवली. दुसरं कोण होतं? त्यांनी मला बरं करावं असं नव्हतं. त्यांनी "हो, तुला वास येत नाही" एवढं म्हणावं, बस्स. मे महिन्याची वाट मी तेवढ्यासाठी बघत होते.

ते आले. आल्या दिवशीच मी विहिरीवर पाणी काढता काढता सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. माझ्या हातातली कळशी घेतली, खाली ठेवली आणि विचारलं, "कधीपासून?" मला रडूच आलं. इतक्या महिन्यांत हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. म्हणाले, "बघूया. मुंबैक एक डॉक्टर आसा, तेका दाखवूया."

झालं! आणि हे ते सासूसमोरही बोलले. माझ्या तोंडून मुंबई कधी निघाली नव्हती ती त्यांच्या तोंडून निघाली. सासू भांडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "न्हे. तुझी बायल, तू न्हे. पण आधी दिष्ट काढून बघूया. कोणाची लागली असली तर हयच बरी होयत."

ह्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? दिष्ट काढण्याची आमच्याकडची रीत अशी. सुक्या मिरच्या, मीठ, मोहरी मुठीत घेऊन माणसावरून उतरायची आणि निखाऱ्यांवर टाकायची. मिरच्या जळूनही कुणाला ठसका लागला नाही, तर दिष्ट होती आणि ती जळाली. ठसका लागला, तर दिष्ट नव्हतीच. लहान पोरांची अशी दिष्ट मी माहेरी कितीदा काढताना पाहिली होती. ह्या कामात मुरलेली एक शेजारीण होती, तिला बोलावलं.

तिन्हीसांजेला मला माजघरात पाटावर बसवलं. फुटक्या मडक्यात निखारे आणले आणि सासूने ते मडकं माझ्या पुढ्यात, अगदी गुडघ्यांना धग लागेल असं सरकवलं. नवरा दारात उभे. शेजारणीने तोंडातल्या तोंडात पुटपुटत मूठ उतरवली आणि टाकली. मी मनात देवाला म्हणत होते, दिष्टच असू दे रे बाबा, कुणाची का असेना. मोहरी तडतडली, धूर वर आला आणि माझ्या नाकातोंडात शिरला. मी इतकी खोकले की पाटावरून खाली आले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, छातीत सुरी फिरवल्यासारखं झालं. शेजारीण पदर तोंडाला लावून बाहेर पळाली.

सासू जागची हलली नाही. मला श्वास घेऊ दिला आणि म्हणाली, "दिष्ट नाय आणि आजारय नाय. वास येणा नाय म्हणतंस, मगे ठसको कसो लागलो?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ह्याची मला अजून चीड येते, की तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ठसका तर खरोखरच लागला होता, तो मी लपवणार कशी? क्षणभर मलाच वाटलं, माझंच डोकं फिरलंय का? मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांची नजर खाली होती. दुसऱ्या दिवशी पेटी भरताना ते म्हणाले, "तुका मुंबैक येवचा होता तर माका सांगूचा होता गो. असा फसवूचा नाय." आणि सुट्टी उरलेली असताना मोटारीत बसून गेले.

डॉक्टरचा विषय तिथे संपला. वाडीत माझं नाव पडलं सोंगाडी. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण मला ताप आला, कंबर धरली, पाय मुरगळला, तरी समोरच्या बाईच्या ओठांवर हसू यायचं ते मला कळायचं. नवरा चवथीला यायचे, मेमध्ये यायचे, प्रेमाने वागायचेही, पण मी काही दुखतंय म्हणाले की त्यांचा चेहरा सावध व्हायचा. संसार असा गेला. मी दुखणी सांगायचीच सोडून दिली.

ह्या सगळ्यात मुलगी झाली. बारशाला आलेल्या बायका एकेक करून तिला उचलायच्या, तिच्या टाळूवर नाक टेकायच्या आणि डोळे मिटायच्या. सासूसुद्धा टेकायची. "काय वास येता गो!" म्हणायच्या. मीही टेकायचे. मऊ लागायचं, ऊब लागायची, तेल गालाला चिकटायचं. बस्स, एवढंच. माझ्या पोटच्या लेकीचा वास त्या वाडीतल्या सगळ्या बायकांना माहीत होता, एक मी सोडून. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, परत मिरच्या जाळल्या असत्या.

लेक शाळेत जायला लागली त्या सुमारास नवऱ्याचा कान फुटला. गिरणीतल्या खडखडाटाने आधीच ऐकू कमी यायचं, त्यात पू व्हायला लागला. कणकवलीला एका दवाखान्यात कान-नाक-घशाचा डॉक्टर महिन्यातून एकदा बाहेरून यायचा, तिथे मे महिन्यात आम्ही एसटीने गेलो. मी गेले ती डॉक्टर बोलेल ते त्यांना मोठ्याने सांगायला. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. कान साफ केला, औषध लिहिलं आणि हात पुसता पुसता उगाच मला विचारलं, "तुमचं काही, बाई?"

तोंडातून निघून गेलं. "मला वास येत नाही."

नवरा खुर्चीतच चुळबुळले. "तसा काय नाय साहेब, ता तिचा जुना..."

पण डॉक्टर खाली बसला होता. कधी गेला, कशाने गेला, ताप किती दिवस होता, सगळं विचारलं. मग डोळे मिटायला सांगितलं. एकेक नाकपुडी बंद करून नाकाखाली काय काय धरलं. मी नाही, नाही म्हणत गेले. नंतर सांगितलं ती कॉफीची पूड होती आणि अत्तर होतं. मग त्याने कसलीशी बाटली उघडली आणि माझं डोकं फाडकन मागे गेलं. नाकात सुई घुसल्यासारखं झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बगा," नवरा म्हणाले, "इलो ना वास?" इतक्या वर्षांनी पुन्हा तेच. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

डॉक्टर हसला. म्हणाला, "मला हेच बघायचं होतं. खोटं बोलणारा माणूस ह्या बाटलीलाही नाही म्हणतो. त्याला वाटतं, कशालाच हो म्हणायचं नाही. डोळे गळत असतात आणि म्हणतो, काही येत नाही. ह्यांनी डोकं मागे घेतलं. म्हणजे ह्या खरं बोलतायत." आणि नवऱ्याच्या बऱ्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "वासाची नस वेगळी आणि झोंबण्याची वेगळी. ह्या बाटलीतला अमोनिया, मिरचीचा धूर, तिरफळाची झिणझिण, हे सगळं दुसऱ्या नसेचं काम. ह्यांची ती शाबूत आहे. वासाची गेली. तापात गेली. आता येईल असं वाटत नाही."

पुढे लेक कणकवलीच्या कॉलेजात शास्त्र शिकली तेव्हा मी तिच्या पुस्तकातून हे सगळं तिच्याकडून वदवून घेतलं, आणि नवीन काही निघालं की अजूनही विचारते. कुणी म्हणेल म्हातारीला काय करायचंय. मला करायचंय. नाकाच्या अगदी वरच्या छताला, नखाएवढ्या जागेत ह्या पेशी असतात. त्या स्वतःच मज्जापेशी आहेत. एक टोक खाली नाकात, दुसरं टोक वर मेंदूत. काजूची बी बोंडाच्या बाहेर लोंबते तशा त्या मेंदूच्या बाहेर उघड्यावर लोंबतात, म्हणून साध्या तापानेही मरतात. खालच्या टोकाला बारीक केस आणि त्या केसांवर वास धरणारे ग्राही. एका पेशीवर एकाच जातीचे ग्राही. एका जातीच्या पेशी नाकात इकडे तिकडे विखुरलेल्या असतात, पण त्यांचे धागे वर मेंदूत एकाच जागी जाऊन मिळतात. इतकी शिस्त! त्या पेशी मेल्या की नव्या येतात म्हणे, बहुतेकांच्या येतात. माझ्या आल्या नाहीत. आणि मिरचीचे ग्राही ह्या पेशींवर नसतातच. ते दुसऱ्याच नसेच्या टोकांवर, आणि त्या नसेच्या पेशी कानापुढे कवटीच्या आत बसलेल्या. वर त्यांचा कारभार अलग. मला ठाऊक नव्हतं तरी हे सगळं माझ्या कवटीत त्या तिन्हीसांजेलाही असंच मांडलेलं होतं. निखाऱ्यांवर मिरच्या पडल्या, तेव्हा त्या ठसक्याने मी खरी असल्याचंच सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांनी उलटं ऐकलं.

दवाखान्यातून आम्ही एसटी स्टँडवर आलो. बाकावर बसलो. माझे पाय जमिनीला लागत नव्हते म्हणा ना. मला वाटत होतं, आता हे काहीतरी बोलतील. एवढी वर्षं ज्या एका वाक्याची वाट बघितली ते आता येईल. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मग ते म्हणाले, "ह्या आयेक सांगा नको."

"कित्याक?"

"आता तिचा वय झाला. ह्या वयात तिका कित्याक दुखवूचा?"

"आणि माका?" मी विचारलं.

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून मी बऱ्या कानाशी पुन्हा विचारलं. तर म्हणाले, "तुका काय? तुका तर म्हायतच होता."

आमची गाडी लागली. त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः उन्हाच्या बाजूला बसले. माणूस वाईट नव्हता. त्यामुळेच जास्त राग यायचा.

मी सासूला सांगितलं नाही. त्यांचा शब्द राखायला नव्हे, सांगायला गेले असते तर तोंडातून काय काय निघालं असतं ह्याची मलाच भीती होती. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ती शेवाळावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिने जे अंथरूण धरलं ते धरलंच. ओल, पाऊस, हालवता न येणारं शरीर. पाठीला आणि कुल्ल्यांवर जखमा झाल्या, चिघळल्या. मुंबईहून नवरा आले, दारातून आईला पाहिलं आणि नाकाला रुमाल लावून अंगणात जाऊन बसले. बायका समाचाराला यायच्या आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलायच्या. लेकीला आजीजवळ जावंसं वाटायचं, पण उमासे यायचे. मी एकटी आत. कडुलिंबाच्या पाण्याने जखमा धुवायच्या, मेलेलं मांस पुसून काढायचं, फडकी उकळायची, तिची कूस बदलायची. दिवसातून कितीदा ते कोण मोजतंय! मला वास येत नव्हता, पण डोळे होते. त्या जखमांत काय होतं ते मला दिसत होतं. माझ्या पाठीचा काटा ढिला झाला होता आणि नखांच्या कडा उकळत्या पाण्याने सोलून निघाल्या होत्या.

एके दुपारी दिष्ट काढणारी तीच शेजारीण आली. पदर नाकाला लावून उंबऱ्यात बसली. मी जखम बांधत होते. ती आतल्या अंगाला वाकून सासूला म्हणाली, "भाग्यवान गो तू. असा करणारी सून कोणाक गावता? आमका हय बसाक होणा नाय, आणि ता बग, हातान सगळा करता. मन मोठा आसा तिचा."

खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला बरं वाटलं. त्या घरात माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणी बरं बोललं होतं, आणि सासूच्या कानावर बोललं होतं.

सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "मन कसला घेवन बसलंस? तिका वास खंय येता? तिका काय कळता? माका पयल्यापासून ठावक आसा ता."

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. मी सासूच्या पाठीकडे बघत होते. पहिल्यापासून. म्हणजे निखारे माझ्या गुडघ्यांशी सरकवले तेव्हाही. इतकी वर्षं जे तिने एकदाही मान्य केलं नाही, ते आज मान्य केलं, आणि तेही माझ्या हातांनी केलेलं माझ्या पदरात पडू नये म्हणून. मला तिचा गळा धरावासा वाटला. तिची कूस बदलायची वेळ झाली होती. मी एक हात तिच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली, आणि तिचं तोंड माझ्याकडे फिरवलं.